सहा जोड काळे मोजे

आमच्या कुन्हुता आत्याचा देवावर विश्वास होता, पण शिकागोहून येणाऱ्या कॅटलॉगवर जास्त. देव काय देणार ते मेल्यावर कळतं. कॅटलॉगमधलं टपालाने दहा दिवसांत दारात येतं. त्यातल्या एका पानावर तर तिचा जीवच जडला होता. मुलांचे लांब मोजे, काळे, जाड, मांडीपर्यंत येणारे, एका खोक्यात सहा जोड आणि सहा महिन्यांची गॅरंटी. भोक पडलं तर जोड परत पाठवा, नवा फुकट घ्या. नव्याला पुन्हा सहा महिने.

माकडाच्या हातात कोलीत दिलं कंपनीने. आत्याने तरुणपणी ओमाहा शहरात मोलकरणीचं काम केलेलं, त्यामुळे घरात इंग्रजी लिहिणारी ती एकटी. आई मायदेशातून, बोहेमियातून आली ती अजून तिकडची चेक भाषाच बोलायची आणि ऑर्डरचा कागद आत्याच्या ताब्यात. पहिले चार महिने आत्या आम्हाला काही बोलत नसे. पाचवा लागला की दाणे काढलेली कणसं चुलीसाठी गोळा करायला डुकरांच्या वाड्यात धाडायची. उभ्याने वेचली तर ओरडायची, "कंबर मोडेल, गुडघ्यांवर बसा." आमच्या कमरेची एवढी काळजी तिने एरवी कधी केली नाही. सहाव्या महिन्यात माझ्या तिन्ही भावांच्या मोज्यांना गुडघ्यांवर भोकं पडायची, माझ्याही, आणि आत्या जत्रेला निघाल्यासारखी टपाल कचेरीत जायची. पाय वाढले की मोठा आकार मागवायची. प्रत्येकाच्या एकेका खोक्यावर तिने चार वर्षं काढली. मला वाटायचं, मी मरेन तेव्हाही शवपेटीत हेच मोजे घालून असेन.

मी तेरा वर्षांची झाले. जूनमध्ये आठवीच्या मुलींना जिल्ह्याच्या गावी मंचावर बोलावून दाखला देणार होते. पांढरा फ्रॉक मावसबहिणीचा मिळाला. प्रश्न पायांचा. सगळ्या मुली पांढरे मोजे घालणार आणि मधे मी, वरून हंस, खालून कावळा. आदल्या वर्षीचा कॅटलॉग संडासात खिळ्याला टांगलेला असायचा. घोड्याच्या खोगिरांची पानं आम्ही आधीच संपवली होती. पांढऱ्या मोज्यांचं पान मात्र मी फाडून गादीखाली ठेवलं. चित्रातली मुलगी एक पाय पुढे टाकून उभी होती, जन्मात डुक्कर न बघितल्यासारखी.

"पांढरे?" आत्या म्हणाली. "अगं ब्लाझेना, त्यांना गॅरंटी नसते."

"एकच जोड, आत्या."

"असं कर. हे तुझं नवं खोकं आलंय ना आत्ता, नोव्हेंबरात? मे संपेपर्यंत सहाच्या सहा जोड धड ठेव. एकही भोक नको. मग मी माझ्या हाताने पांढऱ्यांची ऑर्डर लिहीन." आणि हसली. आमच्या घरात मोजे असे कधी टिकले नव्हते.

मी हट्टाला पेटले. कणसांऐवजी गाईंचं शेण काढायचं काम मागून घेतलं. शाळेत बर्फावरून घसरणं बंद. भाऊ म्हणाले, "हिचे पाय काचेचे झालेत." म्हणोत बापडे. जानेवारीपर्यंत एक धागा निघाला नाही. पण मग ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आला, आणि आमचं चर्च.

आमचं चर्च गरीब. गुडघे टेकायची फळी कुणीतरी धान्याच्या कोठाराच्या उरलेल्या लाकडातून ठोकलेली, कुसळं आणि खिळ्यांची डोकी वर आलेली. त्यात दर शुक्रवारी क्रुसाची वाट. भिंतींवर येशूच्या यातनांची चौदा चित्रं, प्रत्येकापाशी गुडघे टेका, उठा, पुन्हा टेका. येशूने किती सोसलं ते मला मान्य होतं, पण त्याच्या पायात गॅरंटीचे मोजे नव्हते.

मग मी काय केलं, शेवटच्या बाकावर बसून मोजे वर धरणारे आकडे हळूच सोडले, मोजे घोट्यापर्यंत गुंडाळले, आतली लोकरीची विजार वर सारली आणि उघडे गुडघे टेकले. बाहेर फेब्रुवारीचा वारा, आत शेगडी फक्त फादरांच्या पायापाशी. डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्या शुक्रवारी गुडघे निळेजांभळे झाले. मी समाधानी होते. कातडी पुन्हा येते, फुकट, आणि कूपनही भरावं लागत नाही.

हे कुणीतरी पाहिलं असणार. पुढच्या रविवारी फादर होवोर्का प्रवचनात म्हणाले, "आपल्यात एक लहान मुलगी आहे. कडाक्याच्या थंडीत ती उघड्या गुडघ्यांनी, डोळ्यांत अश्रू आणून, आपल्या सर्वांच्या पापांचं प्रायश्चित्त घेते." ही कोण शहाणी म्हणून मी मान वळवून बघायला लागले, तर अख्खं चर्च माझ्याकडे बघत होतं. शेजारी आई रडत होती. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मोज्यांसाठी नाही सांगितलं हे खरंच, पण लोकांचं बघणंही आवडलं होतं, हेही खरं. चर्चबाहेर बायका माझा हात हातात घ्यायच्या. आई मला कोलाचेतला, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावातला, मधला भाग द्यायची, जो एरवी बाबांचा. ती दूध घालायला गेली की डेअरीत ऐटीत सांगायची, "आमची ब्लाझेना देवाची आहे हो." मी मान खाली घालून कोलाचे खायचे.

मे संपला. आत्याने सहाही जोड खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले. एक भोक नाही. घरात कुणी गेल्यासारखी खुर्चीत बसून राहिली. मी गादीखालचं पान काढून आणलं. तेवढ्यात फादर होवोर्कांची घोडागाडी अंगणात शिरली.

फादर आनंदाने बसले, कॉफी घेतली आणि खिशातून पत्र काढलं. त्यांनी परस्पर शिफारस केली होती आणि मठाच्या शाळेने मला घेतलं होतं. ऑगस्टमध्ये जायचं, पुढे नन व्हायचं. आईने दोन्ही हात तोंडावर धरले. बाबांनी टोपी काढली, घरातच. सोबत आणायच्या वस्तूंची यादी इंग्रजीत होती, ती आत्याने वाचली. दोन ब्लँकेटं, एक जपमाळ, सहा जोड लांब मोजे, काळे.

आत्याचा चेहरा खुलला. "काळेच ना? मग काहीच आणायला नको. हिचे सहाच्या सहा कोरे आहेत की."

माझं डोकं फिरलं. त्या मोज्यांसाठी सहा महिने शेण काढलं, गुडघे सोलले, आणि तेच आता जन्मभर घालायचे?

"मी नाही जाणार," मी म्हटलं. "मी प्रायश्चित्त वगैरे काही घेत नव्हते, फादर. मोजे फाटू नयेत म्हणून उघडे गुडघे टेकत होते. मला पांढरे मोजे हवेत."

फादरांनी कप खाली ठेवला.

"अख्ख्या उपासकाळात तू एकदाही प्रार्थना केली नाहीस?"

"केली, फादर. रोज केली. मोजे टिकू देत म्हणून."

बाबा खोकत खोकत बाहेर गेले. ते हसत होते हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. आई हसली नाही. फादर गेल्यावर तिने कॅटलॉग आत्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "शब्द दिलायस तर लिही." माझ्याकडे बघितलं नाही. "देवाचं देव बघून घेईल. पण मी डेअरीत तोंड कसं दाखवू?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. तीन आठवडे. ताट पुढे ठेवायची, वेणी घालायची, पण मुकाट्याने. पांढरे मोजे आले, ते घालून मी मंचावर गेले, दाखला घेतला. आई दुसऱ्या रांगेत बसून खिडकीबाहेर बघत होती. मला सगळं मिळालं होतं आणि वाटलेलं लिंबाचं सरबत मी तसंच परत ठेवलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मी तेच मोजे घालून गेले. लोक कुजबुजत होते. गुडघे टेकायची वेळ आली. सवयीने हात आकड्याकडे गेला. शेजारी आई समोर बघत होती. मी हात काढून घेतला आणि मोज्यांसकट गुडघे फळीवर टेकले, आणि जन्मात पहिल्यांदा खरोखर काहीतरी मागितलं. उठताना खिळ्यात अडकून डावा मोजा टर्रकन फाटला. चांगलं अंड्याएवढं भोक पडलं.

घरी आल्यावर आईने सुईदोरा काढला.

"दे इकडे," ती म्हणाली.

मी मोजा काढून दिला. ती भोकात मूठ घालून रफू करायला लागली.

"काय मागत होतीस एवढं डोळे मिटून?"

"तू बोलावंस म्हणून."

आईने दोरा दातांनी तोडला. "मग तीन आठवडे आधी टेकायचे होतेस की गुडघे, कार्टे," ती म्हणाली.