एका हाकेला ओ

कुमुद दुडुदुडु चालायला लागली त्याच आठवड्यात शुभदानं तिच्या पायांत वाळे घातले. वेल्ह्याच्या श्रावणात धुकं असं उतरे की अंगणातली तुळस दारातून दिसू नये. वाळ्यांचा आवाज थांबला की शुभदा हातातलं काम टाकून उठायची.

"पोर काय पळून पुण्याला जाणार आहे?" गंगाधर हसायचा. तो संस्थानच्या कचेरीत कारकून.

पुण्याचं नाव घरात निघे ते शुभदामुळेच. बी.ए. अर्धवट टाकून ती लग्न करून इथं आली होती. कुमुदला भरवताना चिऊकाऊऐवजी ती मेळ्याच्या तालमी सांगे, भर पावसात मंडपाबाहेर छत्र्या धरून व्याख्यान ऐकणारी माणसं सांगे, वक्त्याला मध्येच हटकणारी पोरं सांगे. आणि मैत्रीण इंदू. ती वसतिगृहाच्या खिडकीखालून एकच हाक मारायची. ओ मिळाली तर ठीक, नाहीतर बाईसाहेब चालू लागायच्या. थांबणार कोण? जागा भरून जायच्या!

त्या दिवशी तिन्हीसांजेला शुभदा कंदिलाची काच पुसत होती.

"शुभे, चल गं, जागा जातील!"

"आले, आले!" तोंडातून निघूनच गेलं. पदर खोचत ती दारात आली. अंगणात फक्त धुकं होतं.

पाणी घेऊन आलेली बनाबाई डोक्यावरचा हंडा उतरवता उतरवता थबकली. "कुनाला ओ दिली, वैनीबाई?"

"तुला हाक ऐकू नाही आली?"

"न्हाई बा. किती येळा मारली?"

"एकदाच."

बनाबाईनं चुंबळ झटकली. "मानूस आसंल तर दुसऱ्यांदा मारतंय. त्ये एकदाच मारतंय. एका हाकेला ओ द्याची न्हाई, येवडं बी शिकविलं न्हाई व्हय कालेजात?"

"आमच्याकडे सगळे एकदाच मारतात."

"लईच घाई बाई तुमच्या पुन्याला!" बनाबाई म्हणाली खरी, पण ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा तीच हाक आली. शुभदानं ओठ घट्ट मिटून घेतले. पाठीमागून आवाज आला, "आले, आले."

कुमुद दाराकडे बघत होती. अजून 'आई'सुद्धा धड न म्हणणारी पोर, पण सूर हुबेहूब शुभदाचा.

"तूच दिवसभर पढवतेस, मग पोपट बोलणारच," गंगाधर म्हणाला.

पाणी घेऊन आलेल्या बनाबाईनं मात्र हंडा दारातच टेकवला. "हाक घरात शिरली, वैनीबाई. ज्यानं ओ दिली त्यानंच ती परत घ्याची. उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन 'येत न्हाई' म्हना. पर मनापासनं. न्हाईतर त्ये लेकराला न्हेतंय."

शुभदा उंबऱ्यात उभी राहिली. "मी येत नाही," ती म्हणाली.

बनाबाईनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "नुसत्या व्हटानं म्हनलात."

खरंच होतं ते. शब्द बाहेर पडत होते तेव्हा शुभदाचं मन मंडपातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी तिनं दाराला कडी घातली आणि आमटीला फोडणी दिली. चुरचुर निवली तेव्हा घरात वाळे वाजत नव्हते. दार सताड उघडं. आवाज लांबून येत होता, ओढ्याच्या अंगानं.

ती अनवाणी धावली. बांधावरून घसरली, उठली, पुन्हा धावली. ओढ्यापलीकडच्या धुक्यात बाकं सरकत होती. कुणी तबल्यावर हातोडी ठोकत होतं. पोरी खिदळत होत्या, कुणी "बसा, बसा" म्हणत होतं. भिजलेल्या कनातीचा आणि मोगऱ्याचा वास आला आणि शुभदानं तो छाती भरून घेतला. किती वर्षांनी!

कुमुद पाण्याच्या काठाशी उभी होती. एक हात वर, कुणी बोट धरल्यासारखा. तिनं पाऊल उचललं.

"शुभे, तुझी जागा धरलीय गं," इंदू पलीकडून म्हणाली. आवाजात तीच लाडीगोडी.

"नको धरूस!" शुभदा ओरडली. "मी येत नाही! दे ती जागा कुणालाही, मला नको, मला काहीच नको!" या वेळी तिनं मागे काही ठेवलं नाही.

तबला ठोक्याच्या मध्येच तुटला. उरला नुसता ओढ्याचा आवाज. कुमुदनं भोकाड पसरलं, आणि शुभदानं तिला उचलून छातीशी इतकं आवळलं की पोर आणखीच रडली.

दिवाळीत ते पुण्याला गेले. खरीखुरी इंदू भेटली. अंगानं भरलेली, कडेवर मुलगा. हट्टानं तिनं त्यांना नाटकाला नेलं. पडदा वर गेला, नटाचं तोंड हललं, सगळं थिएटर हसून लोटपोट झालं. शुभदाला मात्र एक शब्द ऐकू येईना; 'काहीच नको' म्हटल्या संध्याकाळचा तो ओढा तेवढा कानांत वाहत होता. तिनं शेजारी पाहिलं. गंगाधर डोळे पुसत हसत होता.

तिनं कुमुदला मांडीवर नीट घेतलं. दिवे, रंग, पुढच्या रांगेतल्या हलणाऱ्या वेण्या... ती आधाशासारखी बघत राहिली, आणि पडदा पडेपर्यंत जागची उठली नाही.