लेओफ्रूनचा अकरावा माणूस

ऑर्डगारचा बैल चोरीला गेला आणि त्याचा माग थेट लेओफ्रूनच्या कुरणात शिरला. कुरणातून तो पुढे कुठे गेला, हे दाखवणं कायद्याने तिचं काम. पण पावसाने खुरांचे ठसे धुऊन नेले होते. म्हणून आज पंचक्रोशीच्या सभेत, टेकाडावरच्या ओकच्या झाडाखाली, तिला शपथ घ्यायची होती. एकटीने नव्हे, अकरा जणांना सोबत घेऊन. बैलाचं त्यांना काही माहीत असायची गरज नव्हती. या बाईचा शब्द खरा असतो, एवढंच संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून म्हणायचं. एकही माणूस कमी पडला, तर तापलेलं लोखंड मुठीत धरून नऊ पावलं चालायचं. तीन दिवसांनी पट्टी सोडल्यावर हात चिघळलेला निघाला, की ती चोर.

लेओफ्रून विधवा होती. चीज बनवून, विकून जगायची आणि हातांवरच तिचं पोट होतं. तरी ती आली ती ताठ मानेने.

"दहाच दिसतायत," राजाचा कारभारी सिगेरिक म्हणाला. "अकरावा कुठाय?"

"चुलतभाऊ येणार होता. त्याच्या पोटात कळ आलीय."

"ऑर्डगारची जमीन कसतो ना? मग येणारच की कळ!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभा खदखदून हसली.

"या सभेतून कुणालाही बोलव," सिगेरिक म्हणाला. "पण आत्ताच."

तिने क्षणभरही विचार केला नाही. "डुन्ना, ऊठ."

हसणं एकदम थांबलं. चार वर्षांपूर्वी डुन्नाची डुकरं मठाच्या ओट्सच्या शेतात घुसली होती आणि ती त्यानेच सोडली, असं लेओफ्रूनने याच ओकखाली शपथेवर सांगितलं होतं. डुन्नाने उलट शपथ घेतली नाही, मुकाट्याने दंड भरला. मात्र तेव्हापासून, ही बाई खोटारडी आहे, हे तो गावभर सांगत फिरत होता.

"डोकं फिरलंय तुझं?" डुन्ना बसल्या जागेवरून म्हणाला.

"बिलकूल नाही. शिव्या देताना तू तोंड आवरत नाहीस. पण त्या दिवशी या पेटीवर खोटा हात ठेवायला तुझी छाती झाली नाही. असाच माणूस मला हवाय. मी खोटारडी असेन, तर बस तसाच."

ऑर्डगारला गुदगुल्या झाल्या. "बसेल तो. लोखंड तापवायला घ्या!"

डुन्नाचा चेहरा लालबुंद झाला. शपथ घ्यायची, तर चार वर्षांची बडबड स्वतःच्याच तोंडाने गिळायची, तीही अख्ख्या पंचक्रोशीसमोर. तो उठला, चिखल तुडवत तिच्यासमोर आला.

"बैल घेतलास?"

"नाही."

आधी तिने शपथ घेतली. मग दहा जणांनी. डुन्नाने टोपी काढली आणि पेटीवर हात ठेवला.

"लेओफ्रूनची शपथ स्वच्छ आहे," तो मोठ्याने म्हणाला. मग हात न काढताच त्याने सभेकडे तोंड वळवलं. "तेव्हाचीसुद्धा."

सिगेरिकने लोखंडाखालची आग विझवायला सांगितली.