मालनबाईंच्या बोटातला वेढा

मी एक जुना वेढा आहे, मित्रांनो. सोन्याचा नव्हे, जनुकांचा. जंतूच्या पोटात मावेन एवढा लहान. शास्त्रज्ञ मला प्लाझ्मिड म्हणतात. अनेक औषधं निकामी करण्याची विद्या माझ्याजवळ आहे, आणि माझी नक्कल एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते.

सोनईजवळच्या एका पोल्ट्रीत, कोंबड्यांच्या आतड्यातल्या गरीब जंतूंमध्ये मी राहत होतो. मालक अंगद धडधाकट कोंबड्यांच्या पाण्यातही रोज अँटिबायोटिक कालवायचा. बाकीचे जंतू मरत. माझे उरत आणि फोफावत. इतके सुखाचे दिवस मी कधी पाहिले नव्हते.

शेडमधली घाण मालनबाई काढायच्या. एकदा पत्र्याने त्यांचं बोट कापलं आणि जखमेत माझे जंतू शिरले. तिथे आधीच एक रोग करणारा जंतू बसला होता. मी त्याला माझी नक्कल दिली. एवढंच केलं मी.

गावातल्या डॉक्टरने दिलेली एकही गोळी मालनबाईंनी चुकवली नाही. तरी हात कोपरापर्यंत सुजला. लेक दीपाने त्यांना नगरच्या इस्पितळात नेलं. इंजेक्शनं बदलून झाली, मग रिपोर्ट आला.

"आमच्याकडचं एकही औषध ह्या जंतूला लागू पडत नाहीये," डॉक्टर विजया म्हणाल्या. "हात काढावा लागेल."

"उजवा?" मालनबाईंनी विचारलं. "मंग मी भाकरी कशी थापू?"

हात काढला. पण जंतू तोवर रक्तात पोचला होता. तिसऱ्या दिवशी मालनबाई गेल्या.

अंगद दीपाला भेटायला घरी आला. "लई कामाची बाई हुती," म्हणाला.

"ते पान्यातलं औषध बंद करा," दीपा म्हणाली. "डॉक्टरबाई म्हनल्या, त्यानंच आसले जंतू माजत्यात."

"आन् कोंबड्या मेल्या म्हंजी?"

"माझी आई मेली!"

अंगद म्हणाला, "तिच्या जागी तू येतीस का कामाला?"

दुसरं काम मिळालं नाही. सोमवारपासून दीपा शेडमध्ये येते. तिने हातमोजे मागितले, तेव्हा अंगद हसला.

मित्रांनो, मला राग नाही, दयाही नाही. नक्कल काढणं एवढंच मला येतं. ज्याला आजार नाही त्याला औषध पाजू नका, कोंबडीलासुद्धा. मला थांबवायचं तर तुम्हीच थांबवा. मी आपण होऊन थांबणार नाही.