वाकडा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. पण मला कुणी उभारले नाही. माझ्या चारी बाजूंनी कोळसा खणून नेला आणि मधला मी तसाच राहिलो. जमिनीच्या पोटात, कोळशाच्या खाणीत माझा मुक्काम आहे. माझ्या डोक्यावर खडक, खडकावर माती आणि मातीवर खाणकामगारांची वस्ती. वस्तीतली मुले खेळत, तेव्हा ती माझ्याच डोक्यावर नाचत असत. मला त्याचा कधी त्रास झाला नाही.

माझ्या जन्माचे काय सांगू? कधीकाळी इथे दलदल होती, दाट झाडी होती. झाडे पडली, चिखलात रुतली, त्यांच्यावर गाळ साचला, गाळावर पुन्हा गाळ. तो दाब आणि ती ऊब सोसत मी काळा झालो. त्याला इतका काळ लागला की मोजायला तेव्हा माणूसच नव्हता. तुमच्या अंगणातल्या झाडाची फांदी तोडली, तर तिथे पुन्हा कोंब फुटतो. माझा टवका उडाला की उडाला. हे मी पुन्हा सांगणार नाही, पण तुम्ही विसरू नका.

मग माणसे आली. त्यांचा मुकादम अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ होता. कोळसा काढताना मध्ये मध्ये मोठा चौकोन न तोडता सोडायचा, म्हणजे वरचे छत तोलले जाते, ही त्याची कामाची रीत. नवे कामगार कुरकुर करत, "एवढा चांगला माल हाताशी आहे, आणि सोडून द्यायचा?" मुकादम म्हणे, "आधी डोक्यावर काय आहे ते आठव. तुझीच बायको वर स्वयंपाक करतेय." सगळे हसत आणि पुढे सरकत.

सगळ्या खांबांत मी रुंद. नेमके माझ्या डोक्यावर मुकादमाचे घर आणि त्याची गल्ली होती. रोज पाळी सुरू होताना तो मला काठीने ठोका द्यायचा आणि कान लावून ऐकायचा. खणखणीत आवाज आला की म्हणायचा, "बरा आहेस ना?" जेवणाच्या सुट्टीत माणसे मला पाठ टेकून डबे उघडत. माझे एवढे कौतुक त्याआधी कुणी केले नव्हते आणि नंतर तर नाहीच.

वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना खाण बघायला सोडत. अशीच एकदा मुकादमाची लेक बापाचे बोट धरून आली. तिने मान वर करून छताकडे बघितले.

"बाबा, हे वरून पडणार नाही ना?"

"हा आहे ना धरून! आपलं घर याच्याच डोक्यावर आहे."

"दमत नाही का हा?"

"दमतो. म्हणून तर त्याला कुणी त्रास द्यायचा नाही."

जे खांब तोडायचे नाहीत, त्यांच्यावर चुन्याचा पट्टा ओढत. मुकादमाने लेकीला खांद्यावर घेतले आणि कुंचला तिच्या हातात दिला. तिने पट्टा असा काही ओढला की तो वाकडातिकडा जात जात शेवटी खालीच घसरला. कामगार खो खो हसले. "राहू दे तसाच," मुकादम म्हणाला, "माझ्या लेकीच्या कामाला कोण नाव ठेवतो ते बघतो!" त्या दिवसापासून मी स्वतःला त्यांच्या घरातलाच समजू लागलो.

वर्षे गेली. मुकादम थकून घरी बसला. खाणीत यंत्रे आली आणि हाताला सहज लागणारा कोळसा भराभर संपत आला. मुकादमाची लेक शिकून याच खाणीची अधिकारी झाली. कामगार तिला ताई म्हणत. ती पहिल्यांदा पाळीवर आली, तेव्हा मी हरखून गेलो. घरचे माणूस आले, आता काळजी नाही, असे मला वाटले. माझा भोळेपणा, दुसरे काय!

एक दिवस मोठे साहेब ताईला घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"यात केवढा माल आहे! जुन्या लोकांकडे यंत्रं नव्हती, जमलं नाही त्यांना, म्हणून राहून गेला," ते म्हणाले. "हा काढा, नाहीतर खाण बंद करावी लागेल. तुमचे लोक घरी बसतील."

तिने लगेच होकार दिला नाही, हे मी कबूल करतो. तिने माझ्यावर हात ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाली, "थोडासाच काढू. कडेकडेने."

थोडासाच! मित्रांनो, या शब्दापासून सांभाळून राहा. ते दर वेळी खरोखरच थोडे घेत, फक्त पुन्हा पुन्हा घेत. पहिल्याच दिवशी माझा पट्टा कोळशासकट ढासळला आणि गाडीत भरून गेला. तपासणीला माणसे येणार म्हणून ताईने चुना मागवला आणि स्वतःच्या हाताने नवा पट्टा ओढला. मी बारीक होत गेलो आणि तो पट्टा मात्र दर वेळी नव्याने पांढराशुभ्र होत गेला. परक्याने तोडले असते तर मी म्हटले असते, त्याला काय ठाऊक! पण हिने केसाने गळा कापला. मला तिचा राग येतो. मोठ्या मनाचे सोंग मला जमणार नाही.

मला वरचे दिसत नाही, पण वजन कळते. ते आता मला झेपेना. बाकीच्या बातम्या कामगारांच्या बोलण्यातून कानावर येत. मुकादमाच्या घराचे दार लागेनासे झाले होते. गल्लीतल्या भिंतींना तडे गेले होते. ताईही आपल्या लहानग्या मुलीसह त्याच घरात राहत होती आणि तडा दिसला की घर जुने झाले म्हणायची. म्हातारा मुकादम मात्र रोज तिच्या मागे लागे, "माझा खांब कसा आहे ते सांग." शेवटी ती वैतागली आणि त्याला खालीच घेऊन आली.

"बघा तुमच्या डोळ्यांनी! आहे की नाही पट्टा? कुणी हात लावलेला नाही त्याला."

म्हाताऱ्याने दिवा वर धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"पट्टा सरळ आहे," तो म्हणाला.

"मग?"

"तू काढलेला वाकडा होता."

म्हाताऱ्याने मला काठीने ठोका दिला आणि सवयीने कान लावला. माझ्यातून बसका आवाज निघाला, तो ऐकून त्याचा हात खाली आला.

"बाबा, साहेब म्हणाले, तुम्हाला जमलं नाही म्हणून राहिला हा. मीही तेच खरं धरलं."

"जमत होतं गं. कितीदा तरी हात शिवशिवले. पण ठेवला. तू वर निवांत झोपायचीस ना, ती याच्या जिवावर." मग तो म्हणाला, "आता तुझी पोर झोपते तिथं."

ताईने त्याच पाळीला काम थांबवले आणि वर धावत गेली. त्याच दिवशी गल्लीतली माणसे पांघरुणे, भांडीकुंडी आणि मुले घेऊन बाहेर पडली. पुढे थोड्याच दिवसांत मुकादमाच्या घराची मागची भिंत खचली. तेव्हा घरात कुणी नव्हते. जी खाण चालू राहावी म्हणून मला तोडले, ती खाणही बंद झाली.

शेवटच्या दिवशी ताई एकटी आली. तिने ओल्या फडक्याने तो सरळ पट्टा घासून पुसून टाकला. मग कुंचला चुन्यात बुडवला आणि लहानपणी ओढला होता तसा वाकडा पट्टा ओढायला हात वर केला. हात तसाच राहिला. तो पट्टा ज्या कोळशावर होता, तो कधीच कुठल्यातरी भट्टीत जळून राख झाला होता. "चुकलं माझं," ती म्हणाली. तिला माफ करायला मोठे मन लागले असते. माझ्यात आता तेवढे शिल्लक नाही.

मित्रांनो, जमिनीतला कोळसा, तेल, धातू वापरूच नका, असे मी म्हणत नाही. मी स्वतः कोळसाच आहे. जळणे हे आमचे कामच आहे. पण कुठे काही शिल्लक दिसले, तर हात घालण्यापूर्वी विचारा, हे चुकून उरले आहे की कुणी जाणूनबुजून ठेवले आहे? सांगणारे म्हातारे माणूस हयात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन विचारा. आणि ते तुमच्यासाठीच ठेवले आहे असे कळले, तरी सगळे संपवू नका. तुमच्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलीलाही निवांत झोपायचे असेल.

वर आता कुणी राहत नाही. डोक्यावर मुलांची पावले वाजत नाहीत. पण आता सोडलेस तरी चालेल, असे मला कुणी येऊन सांगितले नाही. म्हणून मी अजून धरून आहे.