एकोणिसाव्या लाटेची डुकरं

तलासरी नाक्यावर, पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत बसून मनिषने तीन वर्षांत एक गेम तयार केला आणि तेवढ्या वेळात दोन खुर्च्या झिजवल्या. बूड स्थिर नसलं की खुर्चीचं असंच होतं. गेम बाहेर पडल्यापासून तर तो बसेचना. खालचा पंक्चरवाला सांगतो की वरच्या येरझाऱ्यांनी त्याच्या भिंतीवरचं घड्याळ दिवसाला दहा मिनिटं पुढे जायला लागलं. आता त्यातलं खरं किती, ते त्याचं त्याला ठाऊक.

गेमचं नाव ‘राखण’. मोबाइलवर डाउनलोड करायचा आणि आपलं शेत राखायचं. शेताभोवती माळे बांधायचे, माळ्यांवर डबे वाजवणारी माणसं बसवायची, बुजगावणी उभी करायची, आणि स्वतः गोफण घेऊन बांधाबांधावरून धावायचं. पोपट येतात, माकडं येतात, रानडुकरं येतात, एका लाटेमागून दुसरी लाट. चित्रं आणि आवाज डहाणूच्या दीपेशने केले होते. गोफणीचा सणसणता आवाज धरण्यासाठी तो बोर्डीच्या किनाऱ्यावर तीन दिवस गोफण फिरवत होता, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर त्यातला एक दगड अजून खाली पडायचा आहे.

पहिल्या आठवड्यात लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. चित्रं झकास, गोफण हातात असल्यासारखी वाटते, माळा बांधताना मजा येते. मग लोक एकोणिसाव्या लाटेपर्यंत पोचले. तिथून पुढे डुकरं अशी सुटत की अर्ध्या मिनिटात माळे आडवे, बुजगावणी आडवी आणि शेत साफ. दुसऱ्या आठवड्यात एकेक तारा पडायला लागला. ‘गेम खोटा आहे.’ ‘कोणी जिंकून दाखवा.’ ‘बनवणाऱ्याला डुकरांनी लाच दिली का?’

मनिष प्रत्येकाला उत्तर द्यायचा. जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने उत्तर. कोणी लिहिलं ‘बकवास’, की हा पंधरा ओळी लिहून बकवास का नाही ते पटवून द्यायचा. मग तो माणूस दोन शब्दांत आणखी वाईट काहीतरी लिहायचा, की हा वीस ओळी. त्याची बायको संगिता अंगणवाडीत काम करते. तिने एकदाच तोंड उघडलं. “आमची पोरं पण चावतात हो एकमेकांना,” ती म्हणाली, “पण चावून झाल्यावर सोडतात तरी.”

त्यात भर पडली नविनची. हा पुण्याचा माणूस, ‘झडती’ नावाचा कार्यक्रम चालवायचा. नवा गेम आला की त्याचे खिसे उलटे करून दाखवायचा, आणि त्याने हं म्हटलं तर लाखभर लोक हं म्हणायचे. त्याने ‘राखण’ची गोफण वाखाणली, दीपेशचे पोपट वाखाणले, आणि शेवटी पाचातले दोन तारे हातावर ठेवले. म्हणाला, एकोणिसाव्या लाटेनंतर हा गेम प्रामाणिक राहत नाही. बनवणारा स्वतः तरी तिथून पुढे गेलाय का, मला शंका आहे. वर्षातल्या दहा चांगल्या गेमची यादी मी रविवारी काढतोय. त्याआधी एकदा पुन्हा उघडून बघेन. सुधारला असेल तर ठीक, नसेल तर विसरून जाऊ.

मनिषला सगळ्यात जास्त झोंबली ती शंका, कारण ती जवळजवळ खरी होती. तो स्वतः फार तर तेविसाव्या लाटेपर्यंत पोचला होता, आणि तेही एकदाच.

दीपेशने शनिवारी सकाळी डहाणूहून फोन केला. “भाई, डुकरं अर्धी कर,” तो म्हणाला. “नाहीतर काढूनच टाक. ससे ठेव.”

“ससे कुठे भाताला तोंड लावतात?”

“पुण्यात कोणाला माहितीये?”

मनिषने ससे ठेवले नाहीत, पण डुकरांची ताकद अर्धी केली आणि विसावी लाट शेवटची करून टाकली. म्हणजे कोणीही यावं आणि जिंकून जावं. नवा अपडेट तयार झाला, फक्त बटण दाबायचं राहिलं. बोट बटणावर जायचं आणि मागे यायचं. तीन वर्षं ज्या डुकरांना पाळलं त्यांची मेंढरं करून पाठवायची, हे मनाला येईना. न पाठवावं तर उद्या सगळ्यांदेखत विसरलं जायचं. अशात पाड्यावरून निरोप आला की बाचा गुडघा सुजलाय, आज दुपारी माळ्यावर सोबतीला ये.

पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटात. भात पिवळं पडलं होतं. मनिषचा बाप लाहू चाळीस वर्षं त्याच शेताच्या त्याच माळ्यावर बसत आला होता, आणि पाड्यात मोबाइलला रेंज यायची तीही त्याच माळ्यावर. त्यामुळे सोयरिकी, भांडणं, दवाखान्याचे निरोप, सगळं तिथूनच चालायचं. ऐकून ऐकून पोपट एवढे हुशार झाले की एक थवा उडताना ‘आवाज येत नाय, आवाज येत नाय’ ओरडत जायचा, असं लाहू सांगायचा. लाहूच्याच तोंडून असंही ऐकलेलं की त्याने एकदा हुसकावलेलं एक डुक्कर हायवेपर्यंत पळालं आणि रस्त्यात आडवं झोपलं, तेव्हा टँकरची रांग पार वापीपर्यंत लागली होती.

मनिष माळ्यावर चढला आणि चढल्या चढल्या त्याने फोन काढला. दोन नवे एक-तारे. त्याने एकाला उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अपडेटचं बटण उघडलं, मिटलं. माळा जुना, बांबूचा. त्याच्या चुळबुळीने कुरकुरायला लागला.

“मन्या, माळ्यावर मुंग्या चावतात का तुला?” लाहूने विचारलं.

मग मनिषने सांगितलं. गेम काय, तारे काय, पुण्याचा माणूस काय. तीन वर्षांत बाने कधी विचारलं नव्हतं आणि याने कधी दाखवलं नव्हतं. लाहूने सगळं ऐकलं आणि हात पुढे केला. आण, बघू तुझं शेत.

त्याचा अंगठा कुदळीच्या दांड्यासारखा. काचेवर टेकवला की दोन माळे एकदम उभे राहायचे. गेममधलं शेत मनिषने याच शेतावरून बेतलेलं, म्हणून पहिल्या लाटेआधीच लाहूने बांध चुकलाय म्हणून नावं ठेवली. बुजगावण्याच्या डोक्यावर टोपी बघून म्हणाला, याला लग्नाला पाठवतोस का. मग हळूहळू हात बसला. वरच्या अंगाला एक माळा, दोन कडांना दोन. चौथी बाजू, खाली ओहोळाकडचा कोपरा, तसाच.

“बा, तो कोपरा उघडा पडलाय.”

“पडला नाय. सोडलाय.”

मनिष दात आवळून बघत राहिला. डुकरं आली. तीन बाजूंना डबे वाजले, तशी ती वळली आणि खालच्या कोपऱ्यात घुसली. खायला लागली. मनिषचा हात दोनदा फोनकडे गेला आणि लाहूने दोनदा कोपराने ढकलला. डुकरांनी पोटभर खाल्लं. मग पुढचं वळलं, त्याच्यामागे सगळी वळली आणि आल्या वाटेने ओहोळ उतरून निघून गेली. बाकीचं शेत उभं.

एकोणिसावी लाट तशीच गेली. तेविसावीही. तिसाव्या लाटेला लाहूने फोन मनिषच्या हातात दिला, चुना मागितला, तंबाखू मळली आणि पुन्हा खेळायला बसला.

मनिषला आता आठवलं. हे त्यानेच लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या महिन्यात: पोट भरलेलं जनावर परत फिरतं आणि कळप त्याच्यामागे जातो. सूर्य पूर्वेला उगवतो हे लिहावं तितक्या बेफिकिरीने लिहिलं होतं, म्हणूनच खेळणाऱ्याला ते सांगायला हवं असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि पुढे प्रत्येक वेळी खेळताना त्याने स्वतः चारी बाजू बंद केल्या होत्या. कोणी एक दाणा खाऊ दिला नाही, म्हणून एकाही डुकराचं पोट भरलं नाही, म्हणून एकही परत फिरलं नाही.

त्याने मान वळवून खऱ्या शेताकडे पाहिलं. ओहोळाकडचा कोपरा तुडवलेला, खाल्लेला, दरवर्षीसारखाच. सातव्या वर्षी तो आश्रमशाळेत राहायला गेला. तेव्हापासून सुट्टीत घरी आला की हा कोपरा बघायचा आणि बाला तिथवर जायचा कंटाळा आहे असं समजायचा. हे त्याने लाहूला आता सांगितलं.

लाहूला हसू आवरेना. “कंटाळा तर हायेच,” तो म्हणाला. “पण त्यांना काय, घरी पाठवायचं की इथंच ठेवून लढायचं?”

एकेचाळिसाव्या लाटेला बॅटरी संपली. शेत शाबूत होतं.

संध्याकाळी फोन थोडा चार्ज करून मनिष पुन्हा माळ्यावर चढला. अपडेट पुसून टाकला. नविनला एक ओळ लिहिली: ‘काही सुधारलेलं नाही. खालचा कोपरा सोडून खेळून बघा.’ पंधरा ओळी लिहायला अंगठा शिवशिवत होता. त्याने अंगठा मुठीत धरला.

रविवारी घरी न जाता तो माळ्यावरच बसून राहिला. भाकरी वर मागवली. दुपारी ‘झडती’ लागली. चित्र अडकत अडकत येत होतं. यादीतली दहा नावं झाली, त्यात ‘राखण’ नव्हतं. मनिष उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. यादी संपल्यावर नविन म्हणाला की एका गेमची मी माफी मागतो. गेम प्रामाणिक आहे, मी खोटं बोललो. बनवणाऱ्याने मला रस्ता सांगितला, तो बरोबर आहे. पण काल रात्रीपासून चौदा वेळा खेळलो आणि चौदा वेळा हरलो. “डुक्कर खाताना दिसलं की माझा अंगठा आपोआप गोफणीकडे जातो,” नविन म्हणाला. “मला बसवत नाही. साडेतीन तारे. यादीत घेऊ शकत नाही, कारण मला जिंकता आलेला नाही. सोडूही शकत नाही.” बोलता बोलता त्याची नजर बाजूला जात होती. हातात फोन होता आणि त्यातून दीपेशची गोफण सणसणत होती.

“काय म्हणाला?” खालून लाहूने विचारलं.

“साडेतीन.”

“पाचातले? म्हणजे दीड खाल्लं.” लाहूने हिशोब मान्य असल्यासारखी मान हलवली.

एवढ्यात फोन वाजला. नवा एक तारा. ‘फालतू गेम. डुक्कर खाऊन जातं आणि आपण बघत बसायचं?’ मनिषच्या अंगठ्याने उत्तर सुरू केलं. तीन शब्द झाले, चार झाले. लाहू खालून बघत होता आणि काय चाललंय ते कळायला मुलाची पाठ त्याला पुरेशी होती.

“मन्या,” तो म्हणाला, “जेवू दे त्याला.”

मनिषने चारही शब्द पुसले. फोन पालथा घातला आणि डबा हातात घेतला. वरच्या अंगाने पोपटांचा थवा उतरत होता. त्याने डबा बडवला तसा थवा उडाला आणि ओहोळाकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला. आवाज येत नाय, आवाज येत नाय. त्याने डबा पुन्हा उचलला, क्षणभर धरून ठेवला आणि खाली टेकवला. अंगठा मात्र अजून डब्याच्या कडेवर हलत होता.