साडेबाराची निधनवार्ता

चपला बाहेर काढायचं विसरून प्रभाकरराव थेट स्टुडिओच्या काचेपाशी आले. आत नागपूरहून आलेली गाणी संगणकावर आपोआप वाजत होती. नीलेश एकटाच पहाऱ्याला बसावा तसा बसला होता. त्यांना पाहून तो उठला.

"सर, तुमी?"

"एक निधनवार्ता वाचाची आहे."

आर्वीच्या या लहानशा रेडिओ केंद्रावरून चौदा वर्षं ते रोज साडेबाराला निधनवार्ता वाचत. कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्ययात्रा किती वाजता. आठ महिन्यांपूर्वी केंद्र चालवणाऱ्या संस्थेनं इथले सगळे कार्यक्रम बंद केले, माणसं घरी पाठवली. यंत्राकडे पाहायला तेवढा नीलेश उरला.

"आता मधात काहीच घालता येत नाई, सर. आदल्या दिवशीच यादी येते..." बोलता बोलता त्यानं त्यांच्या हातातला कागद वाचला. "काकू?"

"सकाळी सहाले."

नीलेशनं गाणं मध्येच तोडलं.

"वाचा सर. नोकरीचं पाहू मंग."

मागच्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीनं, मंदाबाईंनी, त्यांना जवळ बसवून सांगितलं होतं, "माह्यं झालं तं दादाले फोन नोको करजा. रेडिओवर सांगजा. रोज आयकते थो. त्याले मनानं येऊ द्या." दादा म्हणजे रोहण्याचा त्यांचा थोरला भाऊ, चंद्रभान. आईच्या तेराव्याला दोघं बहीणभाऊ भांडली, त्याला अकरा वर्षं झाली. घरातून उठून जाताना तो म्हणाला होता, "तुह्या दारात पाय ठेवणार नाई." आणि ठेवलाही नव्हता. केंद्र बदललं हे मंदाबाईंना माहीत होतं. पण नवरा एवढं करील, अशी त्यांना खात्री होती.

प्रभाकररावांनी कागद नीट सपाट केला.

"मंदाबाई प्रभाकर राऊत, राहणार आर्वी, यांचं आज सकाळी निधन झालं. रोहणा येथील चंद्रभान ढोले यांच्या त्या धाकट्या भगिनी होत. अंत्ययात्रा आज सायंकाळी पाच वाजता राहत्या घरून निघेल."

त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी वार्ता दोनदा वाचली. आवाज कुठेच हलला नाही. काचेपलीकडे नीलेशनं तोंड फिरवलं होतं.

पाच वाजले. अंगणात शेजारची पंधरा-वीस माणसं होती.

"बाबा, मामाला फोन लावू?" मुलगी प्रेरणा हळूच म्हणाली.

"नोको. तिनं नाई म्हटलं होतं."

"किती वेळ ठेवायचं मग?"

"रोहण्याहून अजून एक बस आहे."

ती बसही आली. सूर्य बुडता बुडता त्यांनी मंदाबाईंना नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाचंही न ऐकता, ते रोहण्याच्या बसमध्ये बसले. मेल्यावरसुद्धा तुमचा राग जात नाही का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वाटभर ते तेच वाक्य मनाशी घोळवत राहिले.

चंद्रभान ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्यांना पाहून तो धडपडत उठला, धोतराला हात पुसले, स्वतःच आत जाऊन पाण्याचा गडवा घेऊन आला.

"बसा, जवाईबापू."

प्रभाकरराव उभेच राहिले. "काल रेडिओ नाई आयकला?"

"रेडिओ?" चंद्रभान ओशाळं हसला. "आठ महिने झाले, लावलाच नाई. आता त्यात हाय कोन? तुमी वाचत होते तं आयकत जावो."

चंद्रभाननं गडवा त्यांच्या हातात दिला.

"खरं सांगू? मेलेल्या लोकायचं मले काय करा लागते? पन साडेबाराले तुमी बोलाले लागले का माह्या जीवाले बरं वाटे. म्हनो, मंदी ठीक हाय. तिले काही झालं असतं तं हे काय असे वाचाले बसले असते?"

पाण्याचा गडवा प्रभाकररावांच्या हातात तसाच होता. चंद्रभाननं त्यांच्यामागे, फाटकापर्यंत, रस्त्यापर्यंत पाहिलं.

"एकटेच आले?" तो म्हणाला. "तिले काऊन नाई आनलं संग?"