शेवटच्या बाळाचं वर्ष

फोन आला तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजमागे पालथा पडून तांब्याची नळी जोडत होता. बायकोच्या हाताखालची धाकटी डॉक्टर बोलत होती. "काका, लगेच या," एवढंच म्हणाली. काय झालं ते विचारायचं त्याला सुचलं नाही. आवाजातच सगळं आलं होतं. त्याने नळी जोडली, मागचं झाकण बसवलं, उरलेला स्क्रू पिळला आणि घरच्या बाईंना सांगितलं की थोडा वेळ चालू करू नका. मग जिन्यात येऊन तो पायरीवर बसला. ऑफिसातल्या बैठकीत बोलता बोलता बायको गेली होती.

भेटायला येणारे म्हणत, लहान मुलांसाठी केवढं काम केलं हो त्यांनी. नेमकं काय, ते कुणाला धड सांगता यायचं नाही. त्याला मात्र ते पाठ होतं, कारण जेवताना ती दुसरं बोलायचीच नाही. डॉक्टर सांगतात, आई मान डोलवते आणि घरी पोचेपर्यंत अर्धं विसरते. पोर मग जास्त आजारी पडूनच परत येतं. म्हणून तपासणी झाली की नर्सने आईला बाजूला बसवायचं आणि म्हणायचं, आता तुम्ही सांगा, घरी गेल्यावर काय काय करणार? एवढंच. त्यालाही बाजारात पाठवताना ती सगळं वदवून घ्यायची. मी काय तुझा पेशंट आहे का, असं तो कुरकुरला की म्हणायची, पेशंट बरे, ते ऐकतात तरी.

मोठे डॉक्टर हसले होते. यात शोधायचं काय, म्हणाले. खरंच फरक पडतो का ते, ती म्हणाली. मग निम्म्या दवाखान्यांत ही पद्धत सुरू झाली, निम्म्यांत जुनंच चालू राहिलं. प्रत्येक बाळावर वर्षभर लक्ष ठेवायचं, आणि कुठली बाळं इस्पितळात कमी गेली ते शेवटच्या बाळाचं वर्ष भरल्यावरच बघायचं. तोवर आकडे बंद. तिने स्वतःही पाहिले नव्हते. हळूच बघ की एकदा, असं तो म्हणाला तेव्हा तिने जेवता जेवता मान वर केली.

"मिस्त्री, गार झालं का बघायला सारखं फ्रीजचं दार उघडलं, तर होईल का गार?"



ऑफिसातून तिचं सामान आणायचं तो आज-उद्या करत राहिला. गेला तेव्हा चार-पाच महिने उलटले होते. धाकट्या डॉक्टरने खुर्ची दिली, चहा मागवला. रिकामी पिशवी मांडीवर ठेवून तो बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिला.

"तिचं खरं ठरलं का, तेवढं सांग."

धाकटी डॉक्टर म्हणाली, आकडे सांभाळणारे खालच्या मजल्यावर बसतात. मलासुद्धा सांगायचे नाहीत असा नियम आहे, पण मॅडमच्या घरून विचारलंय म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत. फक्त एकदा मला कळलं की माझ्या तोंडावर दिसणार, नर्सना कळणार, आणि मग जुनी पद्धत चालू आहे तिथेही कुणी जुन्या पद्धतीने वागणार नाही.

"खोटं ठरलं असलं तरी चालेल," तो म्हणाला. "पण इतकी वर्षं जेवताना हेच ऐकलंय. असा मधेच लटकून राहिलोय मी."

तिने टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला.

"लावू, काका?"

पलीकडच्या खोलीत नर्स कुठल्याशा आईशी फोनवर बोलत होती. कुशीवर वळतो का, मधे ताप आला होता का, कुठे दाखवलं. बोलता बोलता ती हसली.

"अहो, हातात येईल ते तोंडात घालणारच तो. त्याला दुसरं काम काय आहे?"

"कुणाचं बाळ?" त्याने विचारलं.

"शेवटचं. मॅडम गेल्या त्याच आठवड्यात पाहणीत घेतलं. आईशी त्या स्वतः बोलल्या होत्या."

"आकडे उघडले की हे फोन बंद?"

"लगेच नाही. पण हळूहळू होतीलच. उत्तर कळल्यावर कोण विचारत बसतंय?"

त्याने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि जागेवर ठेवला. ठेवल्यावरही हात तिथेच राहिला.

"राहू दे. वर्ष भरलं की कळव."

"तोवर दम निघेल तुम्हाला?"

"नाही निघायचा," तो म्हणाला.

पिशवीची घडी घालून त्याने खिशात कोंबली. बायकोचा मग, तिच्या चपला, खिडकीतली कुंडी, सगळं होतं तिथेच ठेवून तो जिना उतरला. शेवटचं बाळ अजून बसायलाही लागलं नव्हतं.